‘सोड’ म्हणेपर्यंत

त्या संध्याकाळी सेम्बावांगच्या, खाण्याच्या ठेल्यांनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये दादाने कॉफी अर्धी टाकली, हे मला आज जितकं टोचतं तितकं तेव्हा टोचलं नव्हतं. बाळूदादा माझा मावसभाऊ, मूळ सांगलीकडचा, इथे परदेशात शिपयार्डात इंजिनिअर. जेवण असो, भांडण असो, उठायची वेळ झाली की टेबलावर तळहात आपटून “सोड” म्हणायची त्याची सवय. तालमीत लागलेली. त्या दिवशी मात्र डावा खांदा चोळत तो नुसताच उठला. “पोरांनी लोळवलंय गं,” म्हणाला. “स्पर्धा होऊ दे, मग जातो डॉक्टरकडे.” मी हसले आणि पुंगोलला घरी परतले... त्याच आठवड्यात सुनंदावहिनींचा फोन आला. दादा शाळेच्या हॉलमध्ये, मॅटवरच गेला होता.

त्याच्या घराजवळच्या एका छोट्या शाळेत तो शनिवारी हौसेने कुस्ती शिकवायचा. चिनी, मलय, तमिळ पोरं “धर” आणि “सोड” या मराठी हुकमांवर झुंजायची, ते बघायला मी मुद्दाम जायचे आणि त्याला चिडवायचे. पण कुस्तीत त्याला थट्टा चालायची नाही. त्याच्या लहानपणी गावच्या मैदानात वस्ताद दोन पोरांना शेजारी उभं करून, मनगटं हातात घेऊन जोड ठरवायचे. एका जत्रेत लोकांच्या आरड्याओरड्यापुढे जोड न बघताच कुस्ती लागली आणि दादाचा मित्र मानेवर पडला. तो पुन्हा चालला नाही. हे दादा एकदाच बोलला, भात कालवता कालवता, मान वर न करता.

इथल्या शालेय स्पर्धेत वजनगट होते, तरी दादाला त्यात जोड दिसत नव्हती. गुण शाळेला मिळायचे. मोठ्या शाळेकडे प्रत्येक वजनाला पोरं तयार. छोट्या शाळेने एखादं वजन रिकामं ठेवलं की तिथले गुण गेले. मग हलक्या पोराला वरच्या वजनात उभं करायचं. “काट्यावर पोरगा तोलता, शाळा कोण तोलणार?” म्हणत दादा बैठकांमधून कितीतरी महिने भांडला. शेवटी विद्यार्थिसंख्येवरून मोठ्या आणि छोट्या शाळांचे वेगळे गट झाले. वहिनींनी त्या दिवशी श्रीखंड केलं होतं. किती निर्धास्त होतो आम्ही.

पुढच्याच वर्षी शाळांचं विलीनीकरण आलं. मुलं कमी, म्हणून दादाची शाळा शेजारच्या शाळेत मिसळली. पटावरची संख्या फुगली, पण कुस्तीला नवा पोरगा एकही आला नाही. दादाच्याच नियमाने ती आता मोठी शाळा ठरली. सगळ्यात भारी वजनासाठी त्याच्याकडे होता तो वेई जिए, खरं तर एक गट खालचा, काटक, मान बारीक.

“यंदापुरती सवलत माग ना,” मी म्हटलं.

“नियम माझा. पहिली सवलत मीच मागू?”

“मग ते वजन रिकामं सोड.”

“मी सोडतोय. तोच ऐकत नाही.”

वेई जिए फक्त “कॅन लाह, कोच,” जमेल की, एवढंच म्हणत राहायचा. दादाचं हसणं तेव्हापासून कमी झालं. समोर ती जत्रा पुन्हा भरत आल्यासारखा तो वागायचा.

सरावाला भारी जोडीदार नव्हता, म्हणून पन्नाशी उलटलेला दादा स्वतः मॅटवर उतरला. खाली दाबलेला गडी अंग सैल सोडून फसवतो, हे तो शिकवत होता. मी मेल्यासारखा पडलो तरी, तळहात आपटून “सोड” म्हणेपर्यंत पकड सुटता कामा नये, ही त्याची ताकीद. तो तसं सोंगही घ्यायचा आणि पोरं हसायची. मला ते सोंग कधीच आवडलं नाही. त्या शनिवारी दादा खाली होता. अंग सैल पडलं... वेई जिएने धरून ठेवलं. बाकीची पोरं हसत होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक बंद पडलं, पकडीचा काही संबंध नाही. काही दिवसांनी वेई जिए घरी आला. जेवणाच्या टेबलाशी, दादाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला. मुठी आवळलेल्या, पाण्यालाही हात लावेना.

“ही नेव्हर से ‘सोड’, आंटी,” तो म्हणाला. “सो आय होल्ड.”

वहिनींनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्याच्या मुठी तशाच राहिल्या.

“अँड द कॉम्पिटिशन?” वहिनींनी विचारलं.

“आय गो. फॉर कोच.”

वहिनी बराच वेळ त्याच्या मानेकडे बघत होत्या. मग त्यांनी टेबलावर तळहात असा आपटला की पेल्यातलं पाणी सांडलं.

“सोड,” त्या म्हणाल्या.

पोराच्या मुठी हळूहळू उघडल्या आणि तो टेबलावर डोकं टेकून रडला. मीही रडले.

स्पर्धेत ते वजन रिकामं राहिलं. दादाची शाळा हरली. मी अजूनही अधूनमधून सेम्बावांगला वहिनींकडे जेवायला जाते. जेवण संपतं, बोलणंही संपतं, हात वाळतात, तरी आम्ही दोघी तशाच बसून राहतो. वहिनी पुन्हा कधी तो हात आपटत नाहीत.