गच्चीवरचे सात पंचे

भुसावळला गाडी थांबली तेव्हा बाबांनी आधी माझी पेटी आत ढकलली आणि मग मला. रिसोडला आमचं जळालेल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे नव्या तारेनं बांधायचं, दुकान आहे. तांब्याच्या तारेनं चिरलेली बाबांची बोटं खिडकीच्या गजांतून आत आली.

"पोचलीस की फोन कर. अन् काही झालं तरी ठीक आहे म्हणायचं. तुझी आई लगेच हातपाय गाळते."

"मी नाही, हेच गाळतात," आई मागून म्हणाली. गाडी हलली. दोघंही हात हलवायचे विसरले.

त्याला आता तीन वर्षं होतील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाले आणि वाराणसीच्या एका रुग्णालयात आतड्याच्या आजारावरच्या संशोधनात नोकरी लागली. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं, माणूस दिवसातून दहा-दहा वेळा शौचाला पळतो. वर्षानुवर्षं पुरणारा आजार. आमच्या अभ्यासात रुग्णाचं नेहमीचं औषध चालूच असायचं, वरून एक कॅप्सूल दिली जायची. कुणाच्या कॅप्सूलमध्ये नवं औषध आणि कुणाच्या कॅप्सूलमध्ये काहीच नाही, हे मलाही माहीत नसायचं. रुग्णानं रोज एका वहीत लिहायचं: किती वेळा, रक्त किती, दुखलं का. त्या वह्या बघणं आणि तपासणीसाठी शौचाचे नमुने गोळा करणं हे माझं काम. अभ्यास चालवणारे मोठे डॉक्टर म्हणजे आमचे सर. घरी मी एवढंच सांगितलं, "लॅबमध्ये आहे. ठीक आहे."

सुरुवातीला काहीच ठीक नव्हतं. माझं हिंदी ऐकून ओपीडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. खोलीवर आल्यावर दिवसभरात एकही मराठी शब्द बोलले नाही, हे लक्षात यायचं.

म्हणून गुरुजी ओपीडीत आले तो दिवस मला सणासारखा वाटला. ब्रह्मा घाटाजवळ राहणारे, वेद शिकवणारे, पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेले मराठी. माझं नाव वाचून म्हणाले, "अगं, तू तर आपल्याकडची निघालीस!" त्यांनी कधी महाराष्ट्रात चार दिवससुद्धा काढले नव्हते, पण "आपल्याकडची" हा शब्द त्यांच्या तोंडून असा आला, की मी फॉर्म भरताना दोनदा चुकले.

अभ्यासात यायचं त्यांनी ठरवलं. मग दर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. गुरुजींच्या पत्नी, काकू, पोहे करायच्या, आणि मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपवायच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी आपणहून थांबायचे. गच्चीवर सोवळ्याचे कपडे वाळत असतात, तिकडे तर बाहेरच्यानं जायचंच नाही, हे मला कुणी न सांगता कळलं होतं.

चौथ्या आठवड्यात गुरुजींचे आकडे सुधारले. सातावरून चारावर, चारावरून दोनावर. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "गुरुजी, सगळ्यांत चांगले आकडे तुमचे आहेत हं! आमचे सर इतके खूश झाले."

हीच माझी चूक. रुग्णाला असं काही सांगायचं नसतं. आकडा चांगला की वाईट, हे आपल्या चेहऱ्यावरही दिसता कामा नये. पण मार्क चांगले पडले की आधी घरी सांगायचं, या सवयीत मी वाढले होते, आणि ते मला घरच वाटायला लागलं होतं.

आठव्या आठवड्याचा नमुना मात्र येईना. फोन केला की गुरुजी म्हणायचे, "कल पक्का देतो." वहीचे फोटो वेळेवर यायचे. रोज दोन, रक्त नाही. पाच दिवस गेले, तेव्हा मी बर्फाचा डबा घेऊन सकाळीच निघाले. पंचगंगा घाटाकडच्या गल्ल्यांतून चालताना मनात एकच हिशेब होता, नमुना नाही मिळाला तर त्यांचा आठवा आठवडा वाया जाणार.

दार काकूंनी उघडलं. गुरुजी न्हाणीघरात होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग न्हाणीघराच्या दाराकडे, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वैशू, जरा वरती जाऊन बघ गं. पापड वाळत घातलेत, बंदर येतील."

"मी? गच्चीवर?"

"जा ना जल्दी."

वर पापड नव्हते. दोरीवर पंचे होते. सात. दोन जवळजवळ वाळलेले, बाकीचे ओले, शेवटच्यातून अजून पाणी गळत होतं.

मी ते पुन्हा मोजले. या घरात शौचाला जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय देवाला आणि पोथीला हात लागत नाही. प्रत्येक वेळी अंघोळ, प्रत्येक वेळी नवा पंचा. आणि सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते.

खाली आले तर गुरुजी भिंतीला धरून उभे होते. ओठ पांढरे.

"गुरुजी, काल वहीत दोन लिहिलंय."

"दोनच."

"गच्चीवर सात पंचे आहेत."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी काही बोलले नाही. तुम्ही बोलायचं नाही म्हणालात, मी बोलले नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"बारा-तेरा दिवस." ते खाली बसले. "तू म्हणालीस ना, सर खूश आहेत. पोरीची पहिली नोकरी. एवढ्या लांबून आलेली. मी आपल्या हातानं तुला नापास करू का?"

मी त्यांची नाडी धरली. एकशे वीस. हात तापलेला. अशा वेळी आतडं फुगू शकतं, फाटू शकतं, हे मी शिकले होते. ज्यांच्या घरी पोहे खाल्ले त्या माणसाच्या मनगटावर ते मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी सरांना फोन लावला. ते फक्त म्हणाले, "तुरंत ले आओ."

त्या गल्ल्यांत गाडी येत नाही. घाटावरून नाव करू म्हटलं, तर गुरुजींनी हात जोडले. "नावेत आलं तर? गंगेत?" म्हणून आम्ही चालत निघालो. एका बाजूनं काकू, एका बाजूनं मी. दर वीस पावलांवर थांबायचं. दोनदा ओळखीच्या घरांची दारं ठोठावली. दुसऱ्या घरून बाहेर आले तेव्हा त्यांनी सवयीनं अंघोळीचं पाणी मागितलं.

"आता अंघोळ नाही," काकू म्हणाल्या. "देवाला मी सांगते."

गुरुजी अशातही हसले. "तुझं ऐकतो तरी तो."

दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. रिक्षात बसेपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं, आणि मी मनात फक्त श्वास मोजत होते.

रुग्णालयात पोचताच शिरेतून स्टेरॉइड सुरू झालं. सरांनी काकूंना नीट बसवून समजावलं, की तीन दिवसांत उतार पडला नाही तर पुढचं औषध, किंवा मोठं आतडं काढायचं ऑपरेशन. काकूंनी त्यातला प्रत्येक शब्द मला पुन्हा मराठीत सांगायला लावला. मी सांगितला, काही गाळलं नाही. ते तीन दिवस मी कसे काढले हे आजवर घरी कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी मी सरांना माझी चूकही सांगितली. वाटलं, संध्याकाळच्या गाडीनं परत. सरांनी माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला. मग म्हणाले, "जैसा हुआ, वैसा लिख दो. आकडा बुरा हो, सच्चा हो, तभी दवा का पता चलता है." मी लिहून दिलं. गुरुजी अभ्यासातून बाहेर पडले, बाकी सगळ्या रुग्णांच्या वह्या दुसऱ्यांनी पुन्हा तपासल्या, आणि मला सहा महिने रुग्णांशी बोलायचं काम मिळालं नाही. ते योग्यच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी काकू वॉर्डच्या दारातच म्हणाल्या, "रात्रीपासून तीन. तीनच. मी स्वतः मोजले." मी जिन्यात जाऊन रडले.

तिथूनच बाबांना फोन लावला.

"ठीक आहेस ना?" ते म्हणाले.

"नाही बाबा. ठीक नाही." आणि मी सगळं सांगितलं, पंच्यांपासून. माझं संपल्यावर मी विचारलं, "तुम्ही?"

"आम्ही ठीक."

"दुकान किती वाजता उघडलं आज?"

मग आईचा आवाज आला, लांबून, "सांगा ना आता."

"उघडलं नाही," बाबा म्हणाले. "महिना झाला. उजव्या डोळ्यानं तार दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात मी रिसोडला गेले. डोळ्याचं ऑपरेशन झालं. परत निघताना भुसावळला त्यांनी पुन्हा खिडकीतून बोटं आत घातली, पण या वेळी काही शिकवलं नाही.

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, आपण सगळे रोज फोनवर दोन सांगतो आणि गच्चीवर सात वाळत असतात. गुरुजी आता बरे आहेत, पण आजार आहेच. मधूनच डोकं वर काढतो. तसं झालं की त्यांचा मेसेज येतो: "आज पाच. रागावू नकोस." मी रागावत नाही. त्यांना दवाखान्यात बोलावते आणि बाबांना फोन लावते. तेही आता आकडा सांगतात, दिवसात किती मोटारी बांधल्या तो. कधी एक, कधी एकही नाही.

घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी पूर्वी रिसोड म्हणायचे. आजही म्हणते. पण काकू मला गच्चीवरचे कपडे काढायला पाठवतात तेव्हा मी जिना चढताना आधी दोरीकडे बघते, आणि रिसोडला फोन लावला की आधी दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज येतो का ते ऐकते. जिथं असं बघावं, ऐकावं लागतं, तिथं सगळीकडे माझं घर आहे.