मावशींची फुंकर

माझी मुलगी तेहतीस दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. मी बाळंतपणाला अंबरनाथला, बुवापाड्यात आईकडे आले आहे. मुलीला अंघोळ घालायला रोज सकाळी एक मावशी यायच्या. त्या दिवशी दारात चप्पल काढता काढताच त्या खोकल्या. पदर तोंडाशी धरून, दोन-तीनदा.

"बरं नाही का मावशी?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"धुळीचा खोकला गो. रस्ता खणून ठेवलाय मेल्यांनी. आणि कॅम्पात त्या सिंध्यांचा मोठा नातू शाळेतनं सर्दी घेऊन आलाय. सगळं घर शिंकतंय."

आमच्याकडे येण्याआधी मावशी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका सिंधी घरातल्या जुळ्यांना अंघोळ घालून येत. तिथून बुवापाड्यात. मी मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी होते. मला दोन्ही गोष्टी ऐकू आल्या, खोकला आणि सर्दी, आणि मी त्या मनातल्या मनात जोडल्याही.

मावशी पाटावर बसत, पाय लांब करत आणि मुलीला नडग्यांवर पालथं घालत. मला त्यांचे हात आवडायचे. माझ्या हातातून ती कधीही निसटेल असं वाटायचं. त्यांच्या हातात ती मऊ कणकेसारखी निवांत पडलेली असायची. सगळं झालं की शेवटी त्या करंगळीने खोबरेल तेलाचा थेंब तिच्या नाकपुडीत सोडत आणि तोंड जवळ नेऊन जोरात फुंकर मारत. एक या बाजूला, एक त्या बाजूला. म्हणजे नाक मोकळं राहतं, असं त्यांचं म्हणणं. मुलगी दचकायची, शिंकायची आणि आई हसायची.

असं करायचं नसतं हे मी वाचलं होतं. मी नर्सरीपासून इंग्रजी शाळेत शिकले. बाळाबद्दल जे काही वाचत होते ते फोनवर, इंग्रजीत, आणि डोक्यात ते सगळं नीट रचलेलं असायचं. पण सत्तरीला टेकलेल्या बाईला ते मराठीत सांगायचं म्हटलं की प्रत्येक वाक्य मला उद्धट वाटायचं. आमच्याकडे गुटी दिली नाही, त्यातही माझा काही पराक्रम नव्हता. डॉक्टरच आईला म्हणाल्या होत्या, "आजी, सहा महिने फक्त आईचं दूध. पाण्याचा थेंबसुद्धा नको." आजी म्हटल्यावर आई इतकी खूश झाली की गुटी उगाळायची सहाण त्याच दिवशी माळ्यावर गेली.

त्या सकाळी मावशी अंघोळ घालताना आणखी दोनदा खोकल्या. तोंड खांद्याकडे वळवून, म्हणजे त्यांच्या परीने काळजी घेऊनच. मग त्यांनी तेलाची वाटी पुढे ओढली. माझ्याकडे वाक्य तयार होतं. मावशी, आज फुंकर नको. मी तोंड उघडलं आणि म्हणाले,

"मावशी, प्यायला गरम पाणी देऊ का?"

"दे गो बाय," त्या म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी फुंकर मारली.

तिसऱ्या दिवशी मुलीचं नाक वाजायला लागलं. छातीला लावलं की दोन घोट घ्यायची, सोडून द्यायची, धापा टाकत रडायची. पुन्हा लावलं की पुन्हा तेच. एवढ्या लहान बाळाला तोंडाने श्वास घेणं नीट जमत नाही. नाक बंद, तर दूधही बंद. माझी छाती दगडासारखी झाली होती, गाऊन दोन्ही बाजूंनी भिजला होता, आणि ती उपाशी होती. आदल्या दिवसापासून मलाही शिंका येत होत्या.

बुद्धविहारातल्या, आईच्या ओळखीच्या एक काकू बाळाला बघायला आल्या होत्या. त्यांनी ते रडणं ऐकलं. "डब्याची पावडर आणा. बाटलीतून सोपं जातं ओढायला."

"हिलाही सर्दी झालीय," आई म्हणाली. "सर्दीचं दूध पाजू नये म्हणतात. बाधतं. दोन दिवस बंद ठेवू या का गं?"

बंद ठेवायचं नसतं, हेही मला माहीत होतं. मी उठले. कपाटातला मास्क काढला, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून पाजायचा प्रयत्न करत बसले. माझं नाही म्हणणं हे असं असतं. दार लावणं.

पण दार लावून ती प्यायली नाही. दुपारपर्यंत लंगोट कोरडाच होता. मग मात्र आईच म्हणाली, "चल, डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले. मग झबलं वर केलं. "हे बघ. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. हे दिसलं की घरी थांबायचं नाही. घरात खोकला कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," आई माझ्याकडे बोट करत म्हणाली. "हिचं फक्त नाक गळतंय, तेही कालपासून."

आई खोटं बोलत नव्हती. मावशी तिच्या हिशोबी घरातल्या नव्हत्या, आणि धुळीचा खोकला हा खोकला नव्हता. डॉक्टर लिहायला लागल्या. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते.

"अंघोळ घालणाऱ्या मावशींना आहे," मी म्हणाले. "तीन दिवसांपूर्वी खोकत होत्या. त्या नाकात तेल घालून फुंकर मारतात." हे सगळं मी एका दमात, अर्धं इंग्रजीत बोलले. आई वळून माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ॲडमिट करायला लागेल एवढंच म्हणाल्या. मग मला, "आणि दूध बंद करायचं नाही, कळलं? तुझं शरीर या सर्दीशी लढायला जे तयार करतंय, ते तुझ्या दुधातूनच तिला मिळणार आहे. मास्क लाव, साबणाने हात धू आणि पाजत राहा."

हॉस्पिटलकडे जाताना रिक्षात मुलगी आईच्या मांडीवर होती.

"तुला तेव्हाच खटकलं होतं?" आईने विचारलं.

"हो."

"मग मला तरी सांगायचंस. मी काय परकी आहे?" मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "गप्प बसायला शिकवलं का तुला त्या शाळेत?"

माझ्या शाळेबद्दल आई असं कधी बोलली नव्हती. त्या शाळेसाठी तिने किती मन मारलं होतं ते मला माहीत आहे.

हॉस्पिटलमध्ये आम्ही तीन दिवस होतो. मुलीच्या नाकाखाली ऑक्सिजनची बारीक नळी चिकटवली होती. तिला ओढून पिण्याइतका दम नव्हता, म्हणून दूध हाताने काढून चमच्याने द्यायचं होतं. नवरा बदलापूरहून कामावरून थेट यायचा, पलंगाच्या पायाशी उभा राहायचा आणि कशाला हात लावू हे न कळून पाण्याची बाटली भरून आणायचा.

पडदा पूर्ण लागत नव्हता. पलीकडच्या पलंगावरच्या मुलाचे वडील समोरच बसलेले असायचे. मी वाटी हातात धरून नुसती बसून राहिले. माझ्यापेक्षा लहान असलेल्या एका नर्सने ते पाहिलं.

"मॅडम, वाटीत आपोआप पडणार आहे का?" ती म्हणाली. मग त्या माणसाला, "दादा, जरा चहा पिऊन या बरं बाहेर." आणि माझ्यासमोर बसून तिने शिकवलं. अंगठा कुठे, बोटं कुठे, आधी मागे दाबायचं, मग पुढे. वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला.

"एवढंच?" मी म्हणाले.

"तिचं पोट बघा ना केवढंय. आता अजून काढा, दोन-दोन तासांनी."

आई चमचा तिच्या ओठाला टेकवायची आणि वाट बघायची. मुलगी जीभ बाहेर काढून चाटायची, दमायची, थांबायची. आई माझ्याशी कामापुरतं बोलत होती, पण चमचा तिने एकदाही दुसऱ्या कुणाला दिला नाही. नर्स दर वेळी विचारायची, "लंगोट किती ओले?" पहिल्या दिवशी मी दोन म्हणाले तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली. मी तिला छातीला लावलं आणि तिने सोडलं नाही. घोट गिळल्याचा आवाज आईलाही ऐकू गेला. आई पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर आईने मावशींना फोन केला. "डॉक्टरांनी सध्या अंघोळ बंद सांगितलीय. बोलावते मग." एवढंच. वयाने मोठ्या बाईला कशाला दुखवा, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं, कारण ते माझ्या स्वभावाला सोयीचं होतं. पण फोनवर मावशींनी सांगितलं होतं, खोकला बरा होत आलाय. त्या आमच्याकडे येणार नव्हत्या, पण तीच फुंकर घेऊन बाकी सगळीकडे जाणार होत्या.

दोन दिवसांनी त्या स्वतःच आल्या, शेवग्याच्या पाल्याची जुडी घेऊन. "याची भाजी खा, दूध येतं." लांबूनच मुलीला बघितलं, कडाकडा बोटं मोडली आणि निघाल्या. मी त्यांच्यामागे जिन्यात गेले.

"मावशी, तिला तुमच्यामुळे झालं असेल," मी म्हणाले. याच्यापेक्षा बरं वाक्य असणार, मला तेव्हा सुचलं नाही. "खोकला होता ना तुम्हाला. फुंकरीतून."

त्या थांबल्या. "चाळीस वर्सं करते मी. सासूनं शिकवलंय. कुणाला काय झालं नाय."

"झालं असेल. कुणी सांगितलं नसेल."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू तिथंच उभी हुतीस ना गो? टॉवेल घेऊन? मग तवाच का नाय बोललीस?"

त्या उत्तराची वाट बघत नव्हत्या. "कॅम्पातली दोघं पण नाक भरून बसलीयत," त्या हळूच म्हणाल्या. "बारक्याला जास्ती हाय. ती शेटाणी पण गप बसली असंल, तुज्यासारखी."

"फुंकर नका मारू त्यांना. तेलही नको नाकात. आणि बारक्याचा श्वास बघा," मी म्हणाले आणि स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवून दाखवलं. "इथे खड्डा पडत असला तर लगेच डॉक्टरकडे न्यायला सांगा. दूध ओढत नसला तरी."

त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "इथं?"

"थोडं वर."

त्यांनी हात वर सरकवला. मग जिना उतरून गेल्या. माझ्यावर रागावून गेल्या की घाबरून, ते कळलं नाही.

त्याला आता आठवडा झाला. त्या आल्या नाहीत. बारक्याचं काय झालं ते मला माहीत नाही. आई म्हणते, फोन करून विचार. नंबर माझ्याकडे आहे. रोज पाजून झालं की मी तो काढते, बघते, आणि मुलगी जागी होईल असं स्वतःला सांगून फोन बाजूला ठेवते.