कानांचा स्टॉल

बुऱ्हाणपूरची आमची गिरणी आणि शेजारची गिरणी यांचं एकत्रीकरण झालं, त्या वर्षी कामगारांसाठी आरोग्य मेळावा भरवायचं ठरलं. कुठला स्टॉल कुठे लावायचा, हे काम ऑफिसात माझ्याकडे आलं. मी चार्टपेपरवर नकाशा काढला आणि तीन दिवस त्याला कुणाला बोट लावू दिलं नाही. साखर, डोळे, रक्तदाब मागे. कानांचा स्टॉल थेट फाटकाशी, साहेबांच्या खिडकीसमोर. माझे बाबा आमच्याच गिरणीत लूमवर होते. लूमच्या खडखडाटात जन्म काढलेल्यांचे कान आधी तपासायला हवेत, असं माझं म्हणणं.

मेळाव्याच्या दिवशी सगळीकडे रांगा लागल्या. कानांचे डॉक्टर मात्र माश्या मारत बसले. बाबासुद्धा साखर, डोळे तपासून त्या स्टॉलवरून मान खाली घालून निघून गेले. मला रागच आला. मी मागून दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लूमशेडमध्ये सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखतात, त्यामुळे कुणाला किती ऐकू येतं हे कळतच नाही. लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरीही आई बाबांच्या समोर जाऊनच बोलायची आणि आम्ही भावंडंही. ती मला घरची रीत वाटायची. एकत्रीकरणात माणसं कमी करणार अशी कुजबुज चाललेली, आणि मी या माणसांना साहेबांच्या डोळ्यांदेखत बहिरं ठरायला बोलावलं होतं. मला माझीच लाज वाटली.

साहेबांशी भांडून मी कबूल करून घेतलं, की कानांच्या तपासणीची चिठ्ठी ज्याची त्याच्याच हातात जाईल. टेबल कँटीनच्या मागे, चहाच्या आडोशाला हलवलं. मग बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाले, "चिठ्ठी ऑफिसात जाणार नाही. मी आहे."

बाबा पहिले बसले. ते बसलेले बघून चहाचे ग्लास हातात घेऊन दोन्ही गिरण्यांचे लोक एकेक करून आले.

बाबांनी आपली चिठ्ठी माझ्याच हातात दिली. दोन्ही कानांना मशीन लागणार होतं. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मशीन लागलं तरी तू समोर येऊनच बोलजो, बेटा," ते म्हणाले. "मले आदत झाली तुझ्या तोंडाची."