सर्व कुशल आहे

माझी आत्या दप्तरखान्यात जुन्या लिपीची वाचक होती. वाळवीने चाळण केलेले कागद भिंगाखाली धरून वाचण्यात तिची तीस वर्षं गेली. बोलायची कमी, पण कागदाला कोणी ओला हात लावला की तिचा पारा चढायचा.

देशात औषधं मिळेनाशी झाली, नळाला आठवड्यातून दोनदाच पाणी यायला लागलं, तेव्हा सरकारने एक समिती नेमली. इथलं जुनं साम्राज्य का बुडालं आणि त्यातून आज काय शिकावं, हे समितीने सांगायचं होतं. समितीत जुनी लिपी कोणालाच येत नव्हती, म्हणून वाचायचं काम आत्याच्या गळ्यात पडलं.

आठ महिने तिने मान वर केली नाही. साम्राज्याच्या शेवटच्या वीस वर्षांत प्रांतांतून राजधानीला गेलेली पत्रं तिने लावली. कोठारं रिकामी, सैनिक पळालेले, तरी पत्रामागून पत्रात 'सर्व कुशल आहे'. एकाच अधिकाऱ्याने खरं लिहिलं होतं : लोक झाडांच्या साली खातायत. त्याला काढलं गेलं. त्याच्या जागी आलेल्याने पुन्हा कुशल कळवलं.

आत्या ते खरं पत्र घेऊन बैठकीला गेली. अध्यक्षांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. तिने कप उचलेपर्यंत कागदावर तपकिरी कडं उमटलं होतं.

"फार रडगाणं झालं, बाई," अध्यक्ष म्हणाले. "फितुरांमुळे बुडालं असं घाला. लोकांना उभारी येईल."

"तसा एकही कागद नाही."

"वाचणाऱ्या तुम्हीच ना? मग सापडेल."

सगळे हसले.

छापील अहवालात फितुरांवर चाळीस पानं होती. त्या अधिकाऱ्याचा पत्ता नव्हता, वाचक म्हणून आत्याचं नाव मात्र ठळक. नाव काढा, असा अर्ज तिने दिला, तर तिला टपाल फोडायच्या टेबलावर बसवलं. तिसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

पेन्शनला दोनच वर्षं राहिली होती, म्हणून मी तिला समजवायला गेलो. ती बेसिनपाशी हात धूत होती, खसाखसा.

"किळस येते रे," ती म्हणाली. "ती खोटी पत्रं वाचतानाही यायची. पण ते लोक मेलेले तरी होते."

मग तिने त्या खऱ्या पत्राचं भाषांतर टाइप करून शाळांना पाठवलं. बहुतेकांनी पोचही दिली नाही. एका मुख्याध्यापिकेने ते सूचनाफलकावर लावलं. आठवड्यात कोणीतरी फाडलं. बाईंनी फोन करून दुसरी प्रत मागितली.

आत्याने दहा पाठवल्या.