संध्याकाळी कापलेला घास

माझी माय म्हशीसाठी चारा कापायची तो दुपारी चारनंतरच. उन्हं कलली की विळा आणि गोणपाट घेऊन निघायची, बांधाकडेच्या वाफ्यातला लसूणघास भारा बांधण्याइतका कापायची आणि दिवेलागणीच्या आत गव्हाणीत टाकायची. सकाळी कधीच नाही. तळोद्याकडच्या आमच्या गावात लोक सोयीनं कधीही कापतात, हिचं मात्र घड्याळ ठरलेलं. मी हे लहानपणापासून बघत आलो आणि एकदाही विचारलं नाही, का गं बाई? बरं, मी कोण? तर विज्ञानाचा मास्तर. पोरांना रोज सांगणारा, की प्रश्न विचारा म्हणून.

यंदा फाल्गुनात ती वाफ्यातच चक्कर येऊन पडली. शेजारच्या शेतात पपई उतरवणाऱ्या बायकांनी तिला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, उन्हात पाठवू नका. झालं! मी घरात फतवाच काढला. आजपासून चारा मी कापणार, सकाळी सहाला, थंड वेळेत, आणि शाळेआधी मोटारसायकलवर आणून टाकणार.

"सकायना पाला उपाशी ऱ्हास," माय म्हणाली. "सांजले तो जेयेल ऱ्हास."

मला हसू आलं. पाला कुठं जेवतो? मला वाटलं, दवाचं म्हणत असेल. ओल्या घासानं जनावराचं पोट फुगतं, हे मलाही ठाऊक होतं. म्हणून मी घास पोत्यावर पसरून सुकवायचो आणि मग टाकायचो. तरी म्हैस नुसती हुंगायची, निम्मा खायची, निम्मा तुडवायची. दुधावरची साय पातळ झाली. माय गप्प गप्प राहायला लागली, आणि एक दिवस भर उन्हात विळा घेऊन चोरून निघालेली मला फाटकाशी सापडली. माझं डोकंच फिरलं. शेजारीपाजारी ऐकतायत याचंही भान राहिलं नाही.

"माय, तुन्हं डोकं ठिकाणवर शे का?"

तिनं मागं फिरून विळा ओट्यावर ठेवला. त्यानंतर तिनं तो हातात घेतला नाही. मी मनात म्हटलं, म्हातारपण आलं, विसरतेय, बरळतेय. मग ठरवलं, म्हैसच विकून टाकू. म्हैस गेली की उन्हात जाणंही गेलं. खापर गावच्या एका गुरांच्या व्यापाऱ्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. मायला विचारलं, तर भिंतीकडं बघत म्हणाली, "इकी टाक, भाऊ." ती मला भाऊ म्हणते ते फक्त परकं करायचं असलं की. त्या रात्री ती जेवली नाही.

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. आठवीला प्रकाशसंश्लेषण. हा माझा सगळ्यात लाडका धडा, आणि याचा प्रयोग माझा कधी फसला नाही, अशी माझी ऐट. जास्वंदीच्या पानाच्या मधोमध काळा कागद लावायचा. पान स्पिरिटमध्ये घालून त्याचा हिरवा रंग काढायचा आणि वर आयोडीन टाकायचं. जिथं ऊन लागलं तिथं स्टार्च असतो, तो भाग काळानिळा होतो; कागदाखालचा भाग तसाच राहतो. कागद मी दोन दिवस आधी लावला होता. सकाळी सातला पान तोडलं, आयोडीन टाकलं, पोरं टेबलाभोवती वाकली. पान सगळंच्या सगळं पिवळट. काळं नाही, निळं नाही, काही नाही.

"सर, झाडले आज सुट्टी शे का?" मागून एक मुलगी म्हणाली. वर्ग फुटला हसून. माझं तोंड पानापेक्षा पिवळं झालं असणार.

घरी येऊन मी ओट्यावर बसलो आणि बायकोपाशी कुरकुर करत राहिलो, की बाटली जुनी, स्पिरिट खराब, दुकानदार चोर. माय आत तांदूळ निवडत होती. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून तोंड उघडलं.

"पान कव्हय तोडं रे?"

"सकाळी. सातला."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी मात्र जागच्या जागी गार पडलो.

अरे देवा! दरवर्षी माझा तास दुपारी असायचा, यंदा वेळापत्रक बदललं. आणि मीच तर शिकवतो: पानातल्या हरितद्रव्यावर ऊन पडलं की त्या उन्हाच्या जोरावर पाणी फुटतं, ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि ऊर्जा हवेतल्या कार्बनला धरून साखरेत जाऊन बसते. ऊन पकडून त्याची साखर करायची! चूल नाही, धूर नाही, आवाज नाही. आपण माणसं एवढा पसारा मांडतो, पण उन्हात जन्मभर उभे राहिलो तरी पोटात कण जायचा नाही. दिवसभर पान इतकं करतं की लगेच पाठवून संपत नाही. उरलेलं स्टार्च करून तिथंच ठेवतं, आणि रात्रभर मुळांना, कोंभांना थोडं थोडं वाटत बसतं. पहाटे पानाचं कोठार रिकामं असतं. सकाळचा पाला उपाशी! हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं, पण माझ्या गव्हाणीपर्यंत ते कधी आलंच नाही.

तिला काही न सांगता मी शाळेतून बाटल्या आणल्या. पाच वाजता वाफ्यातून घासाची पानं खुडली आणि आहेत तशीच राहावीत म्हणून घरी आल्याबरोबर उकळत्या पाण्यातून काढली. रविवारी सहाला त्याच वाफ्यातली दुसरी पानं आणली, तीही तशीच बुडवली. मग गॅस बंद करून बायकोच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात स्पिरिटची वाटी ठेवली. "आता चहा कशात करू, माझ्या डोक्यात?" म्हणून ती वेगळी ओरडली.

तेवढ्यात व्यापारी आला. "काय शिजाडी ऱ्हायना, मास्तर?" म्हणत दारातच थांबला. मी मायला हाताला धरून आणलं. दोन बशा मांडल्या, एकीत सकाळची पानं, दुसरीत संध्याकाळची. दोन्हीत आयोडीन टाकलं. सकाळची पिवळट राहिली. संध्याकाळची बघता बघता काळीनिळी झाली, पिकल्या जांभळासारखी.

"ही जेवलेली," मी म्हणालो. "ही उपाशी. तू म्हणालीस तेच, माय." आणि व्यापाऱ्याला सांगितलं, म्हैस द्यायची नाही. यापुढं चारच्या चाऱ्याला मायवर छत्री धरायला मी बरोबर जाईन.

मला वाटलं, ती हसेल, मला चार शब्द सुनावेल. माझा हक्काचा मारच होता तो. पण ती बशीवर वाकून बराच वेळ बघत राहिली. मग मान वर केली, तर डोळ्यांत पाणी. एवढे दिवस ती बिचारी स्वतःलाच तपासत बसली होती, आणि मला वाटत होतं की ती रुसली आहे.

"मंग मन्हं डोकं ठिकाणवर शे ना?" तिनं विचारलं. अगदी खरोखर विचारलं.

"शे, माय," मी म्हणालो. "मन्हंच नव्हतं."