सांडव्यातली मेथी

माझी आई पाणी सोडणाऱ्यांना शिव्या देते. तिचं ते व्रतच आहे म्हणा ना.

आमचं घर कृष्णाकाठी. पावसाळ्यात नदी चढायला लागली की गावात एकच वाक्य फिरायचं, "सोडलं वाटतं पाणी." कुणी सोडलं हे कुणी बोलायचं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं. वर कुठेतरी धरण आहे, धरणावर एक माणूस बसलाय आणि त्याच्याकडे चावी आहे, एवढीच समजूत. बाकीचे लोक सामान माळ्यावर चढवायच्या मागे लागायचे. आई आधी पदर खोचून अंगणात उभी राहायची आणि त्या माणसाशी बोलून घ्यायची. "मुडदा बशिवला त्येचा! त्येच्या ताटात शिरू दे पाणी, म्हंजी कळंल!" एका पुरात माझी दहावीची पुस्तकं आणि तिच्या परड्यातली सगळी भाजी वाहून गेली. पुस्तकांचं तिला काही वाटलं नाही. भाजीचा विषय मात्र घरात अजून निघतो.

आणि मी मोठा होऊन काय झालो? पाणी सोडणारा.

आता यात माझा काय दोष? पुण्यात सिव्हिल केलं, मास्टर्सला इकडे पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, पामर्स्टन नॉर्थला आलो आणि नदी सांभाळणाऱ्या ऑफिसात चिकटलो. आमची नदी शहराजवळून जाते आणि पुढे सपाटीवर लागली की वळणं घेत, रेंगाळत समुद्राकडे निघते. वाटेत तिच्या काठी एक छोटं गाव आहे. नदी फार चढली तर त्या गावाचा बांध टिकणार नाही, म्हणून गावाच्या अलीकडे नदीला दरवाजे बांधलेत. ते उघडले की बरंचसं पाणी वळणं सोडून सरळ कुरणांवरून समुद्राला जातं. त्या कुरणांचा पट्टा म्हणजे सांडवा. एरवी तिथे गायी चरतात. दरवाजे उघडायच्या आधी शेतकऱ्यांना फोन करायचा, गायी बाहेर काढायच्या, मग उघडायचं. माझी ड्युटी असेल त्या आठवड्यात उघडायचं की थांबायचं हे मी सांगायचं आणि आमच्या बॉसबाईंनी त्यावर हो म्हणायचं.

हे आईला कोण सांगणार? मी तिला म्हटलं होतं, "नदीचं पाणी मोजतो." खोटं नव्हतंच ते. तिने गावात सांगितलं, पोरगा पाण्याचं मीटर वाचतो. एवढं शिकून मीटर रीडर झाला म्हणून गाव हळहळलं. मी म्हटलं हळहळू दे, शिव्यांपेक्षा बरं.

वडील गेल्यावर मी तिला जानेवारीत इकडे आणलं. परतीचं तिकीट जुलैचं होतं, पण माझा आणि बायकोचा बेत तिला ठेवून घ्यायचा होता. गुडघे गेलेले, घर नदीच्या तोंडावर, त्यात एकटी. तिला तिथे परत पाठवायची माझी छाती होत नव्हती. तिला मात्र इथलं काही म्हणजे काही पटेना. रस्त्यावर माणूस दिसत नाही. शेजारीण 'हाय' म्हणते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. सुपरमार्केटात प्लास्टिकच्या डबीत मेथीच्या चार काड्या बघितल्या तेव्हा तर ती मोठ्यांदा म्हणाली, "एवढी तर आमी हुंगायला देतो." रोज सकाळी चहा घेताना विचारायची, "जुलैचंच तिकीट हाय न्हवं?"

एका रविवारी तिला गाडीतून हिंडवायला नेलं आणि नेमका सांडव्याच्या कडेने गेलो. तिने गाडी थांबवायला लावली. "एवढी काळीभोर जमीन अन् नुसतं गवात? ह्यांस्नी कुणी काय शिकवलं न्हाई का?" कुंपणापाशी त्या कुरणाचा मालक होता, गमबूट घातलेला, सत्तरीचा. आई थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, कोपऱ्याकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी पेरल्यासारखं केलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या भाषेत, खुशाल करा. झालं! मी म्हटलं, "आई, इथे कधीतरी पाणी येतं." ती म्हणाली, "कुठं येत न्हाई?"

मेथी, कोथिंबीर, शेपू, मुळे. बायको सकाळी कामाला जाताना तिला तिथे सोडायची, दुपारी म्हातारा आणून पोचवायचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दिवसभर गप्पा चालायच्या. आई त्याला हाक मारायची, "अहो!" दुसरं काय म्हणणार परक्या पुरुषाला? त्याला वाटलं, तिने प्रेमाने आपलं नाव ठेवलंय. तो फोनवर सांगायला लागला, "इट्स आहो हिअर." बायको हसून हसून बेजार. मी आईला समजावायला गेलो तर म्हणाली, "मग काय अरे-तुरे करू? वयानं मोठं हाय ते."

पण काय सांगू, बाई पार बदलली! रंग आला, भूक लागायला लागली. तिकिटाचं विचारणं हळूहळू थांबलं. एकदा मीच धीर करून विचारलं, "मग, राहायचं ना?" ती म्हणाली, "मेथी हातात येऊ दे, मग बगू." त्या दिवसापासून त्या मेथीची काळजी तिच्यापेक्षा मला जास्त.

आणि मेमध्ये वर डोंगरात पाऊस लागला. ड्युटी कुणाची? माझी!

डोंगरातलं पाणी आमच्याकडे पोचायला वेळ लागतो. त्यामुळे झालं असं, की नदी चढत होती आणि सपाटीवर मात्र लख्ख ऊन पडलं होतं. ऑफिसातल्या पडद्यावर पातळीची रेघ वर वर चाललेली. दुपारी मी बॉसबाईंना म्हटलं, उघडावं लागेल. त्या हो म्हणाल्या. सांडव्यातल्या शेतकऱ्यांना फोन गेले, एकेकाच्या गायी बाहेर निघाल्या. सगळं सुरळीत. मनातल्या मनात मी मेथीची माफी मागितली आणि संध्याकाळी आईला काय तोंड दाखवायचं याचा विचार करत बसलो.

तेवढ्यात स्पीकरवर फोन. "इट्स आहो हिअर."

बॉसबाईंना ते माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांचं नाव वाटलं. त्या मोठ्या आदराने माओरीत नमस्कार घालत म्हणाल्या, "किया ओरा, आहो."

"गायी सगळ्या बाहेर आहेत," म्हातारा म्हणाला. मग जरा घुटमळला. "पण तुमच्या त्या पोराची आई अजून कुरणातच आहे. ऐकत नाही माझं."

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, तिला फोन द्या.

"आई, ताबडतोब बाहेर ये. पाणी येतंय."

"कुठाय पाणी? ऊन पडलंय."

"वर पडलाय पाऊस. पाणी सोडणार आहेत."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली.

"कोण सोडणार हाय?" आईचा आवाज बदलला. "थांबायला सांग त्यास्नी. दोन वाफं राहिल्यात, काढते अन् येते."

"काय म्हणाल्या?" बॉसबाईंनी विचारलं.

"निघतेच आहे म्हणाली."

"किती वेळ लागेल?"

"आई, किती वेळ लागेल?"

"मेथी म्हंजी काय मोबाईल हाय व्हय, उचलला अन् चालले? मुळासकट उपटायची, माती झटकायची, जुड्या बांधायच्या. घाई केली की पाला मोडतो."

"थोडा वेळ लागेल," मी भाषांतर केलं.

पडद्यावरची रेघ चढतच होती. खालच्या गावाच्या बांधावर उभा असलेला आमचा माणूस फोन करून विचारत होता, उघडताय ना? आणि खरं सांगतो, मला क्षणभर वाटलं की रेघ आता सपाट होतेय, जरा थांबलं तर चालेल. सपाट कसली होतेय! मला रेघ दिसतच नव्हती. मला जुलैचं तिकीट दिसत होतं.

"त्या सोडणाऱ्याला दे फोन," आई म्हणाली. "इतकी वर्षं गाठ पडली न्हाई मेल्याची, आज पडू दे."

"आई, ऐक..."

"घाबरू नगंस, तुजं नाव सांगत न्हाई. दे त्याला."

"आई, मीच आहे तो."

पलीकडे वारा ऐकू येत होता. एक गाय हंबरली.

"मीच म्हंजी?"

"मीच सोडतो पाणी. आज सांगायचं माझ्याकडे आहे."

"तू मीटर वाचतोस न्हवं?"

"वाचतो ना. आणि वाचून झालं की सोडतो."

खोलीत कुणाला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण सगळ्यांनी टायपिंग थांबवलं होतं. मी मान खाली घालून बसलो. म्हटलं, आता ऐकायचं. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं आज माझ्या नावाने येणार, तेही स्पीकरवर.

"न्हाई सोडलं तर कुणाच्या दारात जातंय?" आईने विचारलं.

"खाली गाव आहे, आई. शाळा आहे. म्हातारी माणसं आहेत."

"अन् हिकडच्या लोकांस्नी सांगितलंस?"

"सगळ्यांना फोन केलाय. एकेकाला."

"एकेकाला?"

"हो. तू बाहेर आल्याशिवाय उघडणार नाही. एक माणूस आत असला तरी उघडत नाही."

ती मग म्हणाली, "आमाला कुणी कधी फोन केला न्हाई रं."

मी स्पीकरचा आवाज उगाच कमी केला.

"बरं," ती म्हणाली. "मी मेथीवर पाणी सोडलं. आता तू सोड."

फोन परत म्हाताऱ्याच्या हातात गेला. ट्रकचं दार आपटल्याचं ऐकू आलं, एकदा, मग दुसऱ्यांदा. मग तो म्हणाला, "वी आर आउट, मेट."

"काय म्हणाल्या तुमच्या आई?" बॉसबाईंनी विचारलं.

आता हे वाक्य इंग्रजीत कसं करायचं? मी म्हटलं, "उघडा म्हणाली." आणि दरवाजे उघडले.

संध्याकाळी घरी गेलो तर आई ओट्यापाशी बसून मेथी निवडत होती. हाती लागली तेवढी जुड्या न बांधता तशीच ओच्यात भरून आणली होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पुढचे काही दिवस तिच्या गरजा बायकोमार्फत कळत होत्या. "त्याला म्हणावं, जेवायला बस." मी समोरच बसलेला असायचो. जेवायला रोज मेथी. मेथीची भाजी, मेथीचं पिठलं, मेथीचे पराठे. घास घशाखाली उतरत नव्हता आणि "नको" म्हणायची हिंमत नव्हती.

तशात एकदा गावाहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मी पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसलो. मावशीने मेथीची चौकशी केली.

"गेली की सगळी," आई म्हणाली.

"कशानं गं?"

आता सांगते, मी म्हटलं. आता गावभर होणार.

"गोगलगाई," आई म्हणाली. "लई गोगलगाई हिकडं. येका रात्रीत फस्त."

"अन् पोरगं काय म्हणतंय?"

"काय म्हणतंय! मीटर वाचतंय."

मी तसाच बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडून घेतलं.

पाणी ओसरल्यावर शनिवारी तिला सांडव्यावर नेलं. तिनेच बायकोकरवी कळवलं होतं की तिला बघायचंय. कुंपणाच्या तारांना गवत लोंबत होतं, वास मारत होता आणि हिरव्या कुरणाच्या जागी नुसता चिखल होता. म्हातारा फाटकापाशी टोपी काढून उभा राहिला. मेथीचा कोपरा नक्की कुठे होता हेसुद्धा कळत नव्हतं. मी मनाची तयारी केली. आता ती वळणार आणि तिकिटाचं विचारणार, आणि मी काय तोंडाने थांब म्हणणार होतो?

आई म्हाताऱ्याच्या बायकोचे गमबूट घालून आत शिरली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली, मूठभर चिखल उचलला, बोटांनी चोळला, पुन्हा चोळला.

"गाळ हाय," ती म्हणाली. पुरानंतर पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलत होती. "लोण्यागत. ह्येच्यात हरभरा काय हुईल, बग."

पूर ओसरला की आमच्याकडे नदीकाठच्या गाळात हरभरा टाकतात. गाळपेर म्हणतात त्याला. पण तिकडे पुढे कोरडा हिवाळा असतो. इथे ऋतू उलटे; आता थंडी, दहिवर आणि भुरभुर पाऊस.

"आई, आता इथे काही उगवणार नाही," मी म्हटलं. "सप्टेंबर उजाडल्याशिवाय जमीन तापत नाही."

"मग सप्टेंबरात पेरायचं."

"अगं, तुझं तिकीट जुलैचं आहे."

तिने हात झटकले, साडीला पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी अजून दहावीतच आहे.

"मग पेरणार कोण? तू? तुला पाणी सोडण्यापलीकडं काय येतंय?"