आटपाट नगर, लंडनच्या अलीकडे

"आधी यातली सावत्र माय शोधा, मंग बाकीचं आपोआप समजते." इंग्रजी कादंबरी उघडण्याआधी आमचे सर ती कपाळाला लावायचे आणि हे म्हणायचे. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पुलगावच्या शाळेत ते आम्हा मुलींना मॅट्रिकचं इंग्रजी शिकवत. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील, धोतराला खडू आणि खिशात फुटाणे.

राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या जाडजूड कादंबऱ्यांचा त्यांना मुळीच धाक नव्हता. "साहेबाले बी लहानपणी आजीनंच गोष्टी सांगतल्या ना! त्यानं राक्षस काढला, वकील घातला. परीच्या जागी श्रीमंत आत्या आणली. झाली कादंबरी!"

माझ्या बाकावरची शांता कापड मिलमधल्या कामगाराची मुलगी. इंग्रजी म्हटलं की तिची दातखीळ बसायची. हेडमास्तरांनी तिला मॅट्रिकला बसू द्यायचं नाही असं ठरवलं, तेव्हा वडिलांनी तिला मिलमध्ये कामाला लावण्यासाठी शब्द टाकला. सर भडकले. "तिले एकडाव माह्यासमोर इचारा," म्हणाले.

हेडमास्तर वर्गात आले. "अभ्यासातल्या कादंबरीची गोष्ट सांग. इंग्रजीत."

शांता बाकाची कड नखानं खरवडू लागली.

"माय दळताना सांगते तशी सांग वं पोरी," सर हळूच म्हणाले.

शांतानं डोळे मिटले. "देअर वॉज अ सिटी, आटपाट..."

"इंग्लंडात आटपाट कुठे आहे?" हेडमास्तर कडाडले.

"लंडनच्या अलीकडे, सर," डोळे न उघडताच ती म्हणाली आणि पुढे निघाली. पोरकी मुलगी, छळणारी मामी, वारसा लाटणारा वकील. इंग्रजी मोडकं, पण गोष्टीचा एक धागा सुटला नाही. मामी उघडी पडली तेव्हा हेडमास्तरच "बरं झालं!" म्हणाले आणि चपापले. शांताला परीक्षेला बसू दिलं.

शांता पास झाली. इंग्रजीतसुद्धा! निकाल कळताच तिचे वडील मिलमधून थेट शाळेत आले. अंगावर कापसाचं तूस तसंच होतं. त्यांनी सरांना खांद्यावर उचललं आणि गुलाल उधळत मिरवणूक बाजाराकडे निघाली.

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्यांची आठवण आली की मला रडू येत नाही, अभिमान वाटतो. गुलालानं माखलेले सर दिसतात. एका हातानं धोतर सावरत ते ओरडताहेत, "अरे, उतरवा ना मले, पडीन ना मी!" आणि भर बाजारात सगळ्यांच्या पुढे शांता, घसा ताणून लोकांना बाजूला करते आहे, "हटा, हटा! आमचे सर येऊन राह्यले!"